वास्तुशांतीची राख, आणि एक तळटीप

भांडुप,
वैशाख पौर्णिमेआधीचा सोमवार

आदरणीय भीमराज मामा,

तुमची भाची संघमित्रा हिचा भांडुपहून मनापासून जय भीम. तुमचा गुडघा आता वाचनालयाची पायरी चढू देतो की अजून खुर्ची अंगणातच मांडावी लागते, मामींच्या डोळ्यांत थेंब वेळेवर घातले जातात की नाही, आणि पाहुण्यांना शिंगे दाखविणारी तुमची म्हैस निवळली का, हे सविस्तर कळवावे. आम्ही येथे सुखरूप आहोत. बाबा अजून नाशिकलाच आहेत. आईची रुग्णालयातील ड्यूटी या आठवड्यात सकाळची आहे, त्यामुळे दुपारनंतर घरात शिस्त असते.

परवा तुम्ही फोन करून निकाल विचारलात आणि मी ‘बरा आहे’ एवढे म्हणून फोन आईच्या हाती दिला, याबद्दल राग मानू नये. फोन कानाला लागला की माझ्या जवळचे शब्द घर सोडून जातात. कागदावर ते सर्व परत येतात आणि येताना नातेवाईकही घेऊन येतात, हे तुम्ही माझ्या चौथीपासूनच्या पत्रांवरून जाणताच. तर मामा, निकाल बरा नाही. निकाल दैदीप्यमान आहे. मी विभागात पहिली आले आहे, बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी भर मौखिक परीक्षेत माझ्यासाठी टाळी वाजविली आहे, आणि आमच्या मार्गदर्शकांचा छापून प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष माझ्या या भित्र्या हातांनी जमीनदोस्त झाला आहे. हे सर्व एका म्हशीच्या शेणामुळे घडले. (पुढील मजकूर मामींना जेवणाच्या वेळी वाचून दाखवू नये.)

माझ्या प्रकल्पाविषयी तुम्ही मागच्या पत्रात ‘शेणात शिकण्यासारखे नेमके काय असते’ असे विचारले होते. उत्तर असे की गुरे चारा खातात तेव्हा त्यांच्या आतड्यांत चुन्याचे अतिसूक्ष्म मणी तयार होतात. शेणाबरोबर ते बाहेर पडतात, गोवरी जळाली तरी राखेत उरतात, आणि हजारो वर्षांनी कोणी ती राख सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर ते अंधारात चमकतात. प्रत्येक चमकत्या मण्यावर एक बारीक काळी फुली दिसते. ती प्रथम पाहिली तेव्हा मला दहावीचा निकाल लागल्यासारखे वाटले होते. आमचे मार्गदर्शक देवदत्त सर यांनी गोदावरीकाठच्या एका प्राचीन वस्तीचे उत्खनन केले आहे. तेथे लहान घरांच्या चुलींतील राखेत हे मणी मिळाले आणि एका मोठ्या घराच्या मोठ्या चुलीत मात्र एकही नाही. त्यावरून सरांनी छापले की गरीब लोक शेण जाळीत आणि श्रीमंत लोक लाकूड. मी करायचे ते एवढेच की ओळखीच्या जनावराचे शेण आणावे, गोवऱ्या थापाव्यात, जाळाव्यात, राखेत मणी दाखवावेत आणि सरांच्या निष्कर्षाला आधार द्यावा. थोडक्यात, मामा, विज्ञानाच्या इमारतीत माझी नेमणूक टेकू म्हणून झाली होती.

आईला हा विषय सांगितला तेव्हा तिने हातातील भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपू दिली. मग म्हणाली, “माझ्या आईचा जन्म लोकांच्या गोठ्यात शेण काढण्यात गेला. त्यातून बाहेर पडायला आम्ही शिकलो. आणि तू शिकून परत तिथंच हात घालणार?” याचे उत्तर मी मनात खूप शोधले. (पुस्तकांतही शोधले.) शेवटी तह झाला. एम.एस्सी.चे हे एक वर्ष मी शेणात घालवावे, आणि प्रकल्प संपताच मुकाट्याने बँकेच्या परीक्षेला बसावे. मी मान हलविली. मान हलविण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. पण मनातून मला पुढेही हेच करायचे होते, आणि ते करायचे तर हा प्रकल्प नुसता पार पडून भागणार नव्हते. तो असा व्हायला हवा होता की कोणीतरी म्हणावे, या मुलीला बँकेत बसवू नका.

शेणासाठी मी आरे कॉलनीतील एका तबेल्यात जाऊ लागले. तेथील चंद्रप्रकाश भय्या हे सज्जन गृहस्थ आहेत, परंतु संशोधनपद्धतीवर त्यांचा विश्वास नाही. मला एकाच म्हशीचे, आणि तिला कोणता चारा घातला आहे हे ठाऊक असलेले शेण हवे होते. म्हणून मी ठरलेल्या म्हशीच्या मागे, योग्य अंतरावर, डबा हातात घेऊन उभी राहत असे. भय्या दोनदा येऊन सांगून गेले की मॅडम, इकडे ढीग पडलाय, भरून न्या ना, कोण विचारतंय. मी समजावून सांगण्याचा प्रयत्न केला, पण माझे ‘नमुन्याची शुद्धता’ हे शब्द ऐकून ते अधिकच चिंतेत पडले आणि त्यांनी माझ्यासाठी स्टूल आणून ठेवले. म्हशीला मात्र माझी भिडस्त संगत मानवली नाही. मी पाहत असताना ती काहीही करत नसे. मी पुस्तक उघडले की लगेच करीत असे.

पहिल्याच दिवशी परतताना बसमध्ये आमच्या इमारतीतील क्षमाकाकू भेटल्या. (सोसायटीचे सचिव श्यामकांत काका यांच्या त्या पत्नी. काका निवृत्त अधिकारी असून गच्चीच्या चाव्या गळ्यात घालतात.) मी तबेल्याच्या थांब्यावर चढलेली, मांडीवर फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा. काकूंचे डोळे चमकले आणि त्यांनी अख्ख्या बसला ऐकू जाईल असे विचारले, “चीक मिळाला ना गं? मेली किती वर्षं झाली घरचा खरवस खाऊन!” आजूबाजूच्या चार बायका वळून माझ्या डब्याकडे प्रेमाने पाहू लागल्या. मामा, त्या वेळी ‘हा चीक नव्हे, शेण आहे’ हे साधे, सत्य, कर्ता-कर्म-क्रियापद असलेले वाक्य मला उच्चारता यायला हवे होते. मी मान हलविली. काकूंनी डब्याला हात लावून अजून कोमट आहे असे कौतुकाने जाहीर केले आणि वाटीभर तरी पाठव असे बजावले.

परिणामी दुसऱ्या दिवशी मी मुलुंडच्या एका डेअरीतून तयार खरवस आणला, वड्या कापल्या, एका नव्या डब्यात घातल्या (संपूर्ण नव्या, मामा) आणि काकूंकडे पोचविल्या. काकूंनी एक वडी तोंडात घालून डोळे मिटले आणि म्हणाल्या, अगदी डेअरीतल्यासारखा झालाय गं. तेव्हापासून काकूंच्या लेखी मी घरचीच मुलगी झाले. माझ्यावरची पुढील सर्व संकटे या एका वडीतून उद्भवली.

गोवऱ्या वाळविण्यासाठी गच्ची हवी होती. मी श्यामकांत काकांना रीतसर अर्ज केला की शैक्षणिक संशोधनासाठी काही नमुने सोसायटीच्या गच्चीवर उन्हात वाळविण्याची अनुमती मिळावी. भाषेवर काका इतके खूश झाले की त्यांनी तो सूचनाफलकावर लावला. फक्त ‘नमुने’ म्हणजे चिकवड्या की कुरडया, एवढे त्यांनी विचारले नाही. ते त्यांनी मनातच ठरविले आणि सही केली. मग मी गच्चीवर टाकीच्या सावलीपासून दूर गोवऱ्या थापून रांगा लावल्या, प्रत्येक रांगेला क्रमांक दिला (एका रांगेत एकाच म्हशीच्या), आणि काका पाहणीला आले. त्यांनी एकेक रांग चालून पाहिली. मग अर्जाची प्रत खिशातून काढून पुन्हा वाचली. ‘नमुने’ हा शब्द तेथे होताच. सही त्यांची होती. स्वतःच्या सहीविरुद्ध जाणे काकांच्या तत्त्वात बसत नाही, म्हणून ते एवढेच म्हणाले की पुढच्या वेळी नाम स्पष्ट लिहावे.

गोवऱ्यांची वार्ता इमारतीत पसरली तेव्हा मला तक्रारीची भीती होती. झाले उलटेच. मुंबईत गोवरी ही दुर्मीळ वस्तू आहे. पूजेच्या दुकानात ती प्लॅस्टिकच्या वेष्टनात मिळते. जो तो गच्चीवर जाऊन पाहून येऊ लागला. कोणी म्हणे माझ्या गावची आठवण आली, कोणी सेल्फी काढी. आई जिन्यातून मान खाली घालून जाऊ लागली. आणि एका शनिवारी मी गच्चीवर गेले तर तिसरी रांग जागेवर नव्हती. तिसरीच, मामा! ज्या म्हशीचा चारा मी स्वतः उभी राहून पाहिला होता, तिची. प्रकल्पाचा कणाच म्हणा ना.

त्याच वेळी खालून शंख ऐकू आला. काकूंनी शेजारचा फ्लॅट घेऊन भिंत पाडली होती आणि त्या दिवशी वास्तुशांत होती. गुरुजींच्या यादीत गोवऱ्या होत्या, दुकान बंद होते, आणि गच्चीवर घरच्या मुलीच्या गोवऱ्या आयत्या वाळत होत्या. मी धावत दारात पोचले तेव्हा होम पेटलेला होता आणि माझा तिसरा क्रमांक ज्वाळांत होता. मागे घ्या म्हणण्यात अर्थ नव्हता. पण निदान राख वाचवता येईल असा विचार मनात आला, आणि राखेत दुसरे काही मिसळते का यावर लक्ष ठेवणे आवश्यक होते. म्हणून मी होमकुंडासमोर बसले. अखेरपर्यंत बसले. गुरुजी आहुती टाकत तेव्हा मी पुढे झुकून काय टाकले ते पाहत असे. गुरुजी तुपाच्या बाबतीत हात आखडता घेणारे नव्हते. पळीमागून पळी, मग सरळ तांब्या. पंख्याच्या पात्यांना धग लागू लागली, श्यामकांत काका शर्टाने घाम पुसू लागले, मी जागची हलले नाही. काकूंच्या बहिणीने शेजारणीला विचारलेले मला ऐकू आले की ही मुलगी कोण, किती तल्लीन झाली आहे. शेवटी मी सर्व धैर्य एकवटून काकूंकडे राख मागितली. काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी कागदी पेला भरून राख दिली आणि मी नको म्हणण्याच्या आत चिमूटभर माझ्या कपाळाला लावली.

मी तशीच घरी आले. दार आईने उघडले. तिच्या मागे भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, समोर दारात मी, कपाळावर राख, हातात पेला, पदवी विज्ञानाची. आईने माझ्याकडे पाहिले, पेल्याकडे पाहिले आणि आत जाऊन टॉवेल आणून दिला. त्या दिवशी ती माझ्याशी फक्त आवश्यक तेवढे बोलली. मी तिला सांगू शकले असते की ही केवळ राख आहे. सांगितले नाही, मान मात्र हलविली.

आता चमत्कार ऐका (शास्त्रीय). ती राख मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि तिच्यात एकही मणी नव्हता. मला वाटले काचपट्टी चुकली. दुसरी केली, तिसरी केली. काकूंकडे जाऊन विचारले की गोवऱ्या खरोखर जाळल्या ना. काकू दुखावल्या, म्हणाल्या, “अगं, मग काय खाल्ल्या? तुझ्यासमोर तर बसली होतीस!” तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी प्रयोगशाळेच्या भट्टीत उरलेल्या रांगांचे तुकडे वेगवेगळ्या आचेवर जाळले. मंद आचेवर मणी शाबूत राहिले, धग वाढविली तसे काळवंडले, आणि आणखी वाढविली तेव्हा दिसेनासे झाले. म्हणजे तुपाच्या होमात जे झाले तेच मोठ्या घराच्या मोठ्या चुलीतही झालेले असू शकते. मणी नाहीत याचा अर्थ शेण नव्हते असा होत नाही. आग मोठी होती एवढाच होतो. म्हणजे सरांचे गरिबांचे शेण आणि श्रीमंतांचे लाकूड, सगळे डळमळीत.

हे सरांना सांगायला हवे होते. मी त्यांच्या दारापर्यंत अनेकदा गेले. प्रत्येक वेळी सर फोनवर तरी असत किंवा फोनवर असल्यासारखे तरी दिसत. शेवटी मी ते लिहून काढले, आणि सरांना प्रकरण पाठविले. ‘बघतो’ असे उत्तर आले. आता, मामा, माझी सर्व धाडसे मी तळटीपेत करते. मुख्य मजकुरात मी सरांना अनुमोदन दिले होते आणि खाली, बारीक टाइपात, त्यांना खोडून काढले होते.

याच सुमारास मनाला टोचणी लागली की काकूंच्या वास्तुशांतीत म्हशीच्या गोवऱ्या गेल्या हे त्यांना कळायला हवे. मी चिठ्ठी लिहून दाराखालून सरकविली. काकू लगेच वर आल्या. म्हणाल्या, “म्हैस तर म्हैस. धूर काय वेगळा येतो? घर थंडगार आहे बघ माझं. फक्त गुरुजींना बोलू नकोस हां, त्यांचा जीव लहान आहे.” आणि जाताना, संक्रांतीला हळदीकुंकवाच्या धुपासाठी थोड्या शिल्लक आहेत का तेही विचारले.

मौखिक परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या परीक्षक म्हणून नलिनी बाई आल्या होत्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या, आणि मामा, त्या तळटीपा वाचणाऱ्या निघाल्या. सभागृहात सगळा विभाग, पहिल्या रांगेत देवदत्त सर. मी इंग्रजीत पाठ केलेले सर्व, पंख्याच्या आवाजाखाली, म्हणून दाखविले. बाईंनी प्रबंध उघडला, चष्मा नाकावर खाली घेतला आणि ती तळटीप मोठ्याने वाचून विचारले की ही राख कोठून आणली. मी ‘डोमेस्टिक रिच्युअल कम्बश्चन’ असे काहीतरी म्हणाले. सर खुर्चीत सरळ बसले. ती तळटीप मोठ्याने वाचलेली ते माझ्याइतकेच प्रथम ऐकत होते, किंबहुना अधिक प्रथम. बाई म्हणाल्या, “मराठीत सांग गं. मला सगळं कळतं.”

आणि मी सांगितले. आधी आवाज निघेना, मग निघाला, मग थांबेना. म्हैस सांगितली, बस सांगितली, खरवस सांगितला, पळी आणि तांब्या सांगितला. सभागृह हसत होते आणि मी हसण्यासाठी थांबत होते, जणू जन्मभर हेच करीत आले आहे. मग बाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, ठीक, मणी जळून जातात. पण श्रीमंताकडे लाकूड असताना तो शेण कशाला जाळेल? तेव्हा, मामा, मी आईच्या प्रश्नाचे उत्तर दिले, जे मला तिला देता आले नव्हते. मी म्हणाले, “माझ्या आजीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोठ्यात गोवऱ्या थापल्या. त्या सगळ्या मालकाच्या घरी रचल्या जात. आमच्या चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या जळत. शेण कोण जाळतं हे शेण कोण उचलतं यावरून ठरत नाही, बाई. गुरं कोणाची आहेत यावरून ठरतं.” कोणी हसले नाही. नलिनी बाईंनी प्रबंध मिटला आणि टाळी वाजविली. एकट्यांनीच, पण बराच वेळ.

देवदत्त सर उभे राहिले. मला वाटले, आता बँक. सर म्हणाले, हे मला आधी का नाही सांगितलंस? मी म्हणाले, सर, आपण ‘बघतो’ म्हणाला होतात. सभागृहात पुन्हा हशा पिकला आणि त्यात सर्वांत मोठा आवाज सरांचा होता. त्यांनी तेथेच जाहीर केले की आपला निष्कर्ष आपण दुरुस्त करू आणि त्या लेखावर माझे नाव आपल्या नावाआधी घालू. बाहेर आल्यावर त्यांनी मला चहा पाजला आणि विचारले की आणखी कोणत्या तळटीपा आहेत का, असल्या तर आजच सांगून टाक.

तर असा हा दिग्विजय. तुमची अबोल भाची भरसभेत बोलली, परीक्षकांशी बोलली, आणि मार्गदर्शकांना प्रत्युत्तरही करून बसली. आता जगात कोणाशीही बोलायला मी घाबरणार नाही असे वाटते. मामींना नमस्कार. गुडघ्याला तिळाचे तेल कोमट करूनच लावावे.

तुमची नम्र भाची,
संघमित्रा

ता. क. नलिनी बाईंनी मला त्यांच्या संस्थेत पीएच.डी.साठी बोलाविले आहे. दुसऱ्या शहरात, अनेक वर्षे, विषय हाच. या महिन्यात होकार कळवायचा आहे. हे मी आईला अजून सांगितलेले नाही. तिने बँकेच्या परीक्षेची पुस्तके आणून ठेवली आहेत आणि ती पाहिली की माझी मान आपोआप हलते. तरी मामा, गुडघा परवानगी देत असेल तर पौर्णिमेला भांडुपला यावे आणि तुम्हीच तिला सांगावे. थोरल्या भावाचा शब्द ती खाली पडू देत नाही.

ता. क. २. येताना तुमच्या म्हशीच्या थोड्या गोवऱ्या आणाव्यात. हल्ली तिला कोणता चारा घालता तेही लिहून आणावे. पिशवी आईला सांगून झाल्यावरच उघडावी, आधी नाही.

ता. क. ३. दादा, जय भीम. मी मीरा लिहिते. ही पाकीट उघडं टाकून तिकीट आणायला पोस्टात गेली आहे, म्हणून वाचलं. नलिनीबाईंचा फोन मला चार दिवसांपूर्वीच येऊन गेला. ही फोन उचलत नाही म्हणून फॉर्मवर माझाच नंबर देऊन आली आहे. बाई अर्धा तास बोलल्या. हिने तुझ्या-माझ्या आईबद्दल काय सांगितलं तेही सगळं बोलल्या. मी त्यांना हो म्हटलं आहे. बँकेची पुस्तकं दुकानदार परत घ्यायला तयार आहे. पण हिला यातलं काही बोलू नकोस. भरसभेत बोलते, तर माझ्यासमोर येऊन एकदा बोलू दे, स्वयंपाकघर काही लांब नाही. तोवर मी पुस्तकं टेबलावरच ठेवते. तू ये, गोवऱ्याही आण, फक्त मध्ये पडू नकोस. जिन्यात पाय वाजले, पाकीट चिकटवते.